पातेल्याचा तळ

आमच्या नाटकात तसं काही घडत नाही. संध्याकाळची वेळ, एक घर, आणि त्या घरातली माणसं जेवायला बसतात. आधी सासरा आणि नवरा. मग मुलं. मग सासू. सगळ्यांचं वाढून झालं की पाचव्या महिन्यातली सून पातेलं पुढ्यात ओढते, पळीनं तळ खरवडते, निघेल तेवढ्या भातावर वरणाचं वरचं पाणी घेते, तोंडी लावायला लोणच्याची फोड घेते आणि चार घास पोटात ढकलून उठते. कुणी कुणावर ओरडत नाही. कुणी कुणाला मुद्दाम उपाशी ठेवलेलं नाही. सासू मायाळू आहे. नवरा हात धुता धुता विचारतोसुद्धा, "जेवली का?" आणि ती म्हणते, "हो, जेवली."

इथं सूत्रधार ढोलकीवर थाप मारून खेळ थांबवतो आणि समोर बसलेल्या बायकांना विचारतो, "सांगा बरं मायाहो, या घरात चुकलं कुठं?"

पहिलं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येतं. "काही नाही चुकलं. असंच असते." आणि त्या 'असंच असते'पासून आमचं खरं नाटक सुरू होतं.

मी शाळेत शिकवते. सुट्टीत आमचं एक छोटं कलापथक आजूबाजूच्या गावांत खेळ करतं. त्यात एक शिंपी आहे, कॉलेजातली दोन-तीन पोरं आहेत, ढोलकी वाजवणारे काका आहेत आणि दोन अंगणवाडी सेविका आहेत. हे नाटक उभं राहिलं ते सेविकांमुळे. दंडघेर मोजायची रंगीत पट्टी घेऊन दारोदार फिरणाऱ्या त्याच. बाळाच्या दंडाभोवती ती पट्टी गुंडाळायची, 12.5 सेंटीमीटरच्या वर असेल तर हिरवा, 11.5 ते 12.5च्या मध्ये पिवळा, आणि 11.5च्या खाली लाल, म्हणजे बाळ तीव्र कुपोषित. "लाल आलं की आई रडते, आजी म्हणते आमच्या घराण्यात सगळेच बारीक, अन् मी पुन्हा तेच सांगून घरी येते," त्यातली एक मला म्हणाली होती. "सांगायचं आता काही राहिलं नाही, मॅडम. दाखवाले पाहिजे."

आमचा भाग झाडीपट्टीचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा धानाचा पट्टा. इथं दिवाळीच्या सुमारास धान निघायला लागतो आणि माणसांना नाटकाचे वेध लागतात. गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, लेकी माहेरी येतात, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकांचं ठाणं. मंडळ्यांची बुकिंगं तिथं होतात आणि होळीपर्यंत गाड्या सामान घेऊन गावोगाव धावत असतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि शाल, घोंगडी पांघरून माणसं तिकीट काढून ते बघतात. त्याच्याही आधीची इथली लोकनाट्यं, दंडार आहे, खडी गंमत आहे. खडी गंमतीत तर शाहीर आणि सोंगाड्या समोरच्या माणसाला नावानं हाक मारून त्याची फिरकी घेतात आणि तो माणूसही बसल्या जागेवरून उत्तर देतो. इथल्या माणसाला नाटक बघायला शिकवावं लागत नाही आणि नाटकात बोलायलाही शिकवावं लागत नाही. पोषणाबद्दल गावाशी बोलायचं असेल तर याहून चांगली जागा कुठली?

आता पोषणावरचं पथनाट्य ही काही नवी गोष्ट नाही. 2018च्या मार्चमध्ये पोषण अभियान सुरू झालं आणि तेव्हापासून दर सप्टेंबर हा पोषण महिना असतो. रॅली निघते, कडधान्यांच्या रांगोळ्या होतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात, शाळेतली मुलं पुठ्ठ्याचं गाजर आणि टोमॅटो होऊन आपापली जीवनसत्त्वं सांगतात. मुलांना मजा येते, आणि ती येऊ द्यावी. पण त्या नाटुकलीसमोर बसलेली बाई काय घेऊन घरी जाते, हा प्रश्न मला सारखा पडतो. हिरव्या भाजीत ताकद असते हे तिला कुणी सांगायला नको. पहिल्या पावसानंतर बांधावरचा कोवळा तरोटा खुडून आणणारी तीच. अंबाडीची भाजी, धोप्याच्या पानांच्या वड्या, जवसाची चटणी, तलावातली बारीक मासळी, सात्या, म्हणजे रानातली अळंबी, निघाल्या की टोपलीभर सात्या, हे सगळं शिजवणारीही तीच. हे ज्ञान तिच्याकडूनच आपल्याकडे आलेलं आहे. तिच्या हातात नाही ते वाढणं. म्हणजे हात तिचाच असतो, पण कुणाच्या ताटात काय आणि कधी पडायचं हे त्या हातानं ठरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21चे आकडे बघितले तर महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याआधीच्या, 2015-16च्या पाहणीत हाच आकडा 48 होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो 54वरून 69 टक्क्यांवर गेला. पाच वर्षांखालची दर शंभरातली 35 मुलं वयाच्या मानानं बुटकी आहेत. या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात भिंतीवरची पोस्टरं कमी झाली नव्हती, लोहाच्या लाल गोळ्याही वाटल्या जात होत्या. माहिती पोचत होती. ती घरात शिरून ताटापर्यंत जाईना. मला यातून एवढंच दिसतं की माहिती आणि ताट यांच्यामध्ये माणसं बसलेली आहेत, आणि त्या माणसांचं एकमेकांशी नातं आहे. पोस्टरला नातं दाखवता येत नाही. नाटकाचं तर सगळं भांडवलच ते.

नाटक मध्येच थांबवून प्रेक्षकाला आत घ्यायची ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी ती घडवली. 1970च्या दशकात ते हद्दपारीत पेरू देशात होते आणि तिथल्या साक्षरता मोहिमेत काम करत होते. एका नवरा-बायकोच्या भांडणाचा प्रसंग चालू होता. बायकोनं आता काय करावं, असं त्यांनी प्रेक्षकांना विचारलं. एक बाई सांगत राहिली, नट तसं करून दाखवत राहिले, आणि ती दर वेळी म्हणत राहिली, हे नाही, मी म्हणते ते असं नाही. शेवटी बोआल म्हणाले, मग तुम्हीच या वर. ती आली आणि तिनं जे केलं ते एकाही नटाला सुचलं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या नाटकात बघणारा आणि करणारा यांच्यातली रेघ पुसली गेली. आपल्याकडे बंगालमध्ये 'जन संस्कृती' या संस्थेनं 1990च्या दशकापासून हीच पद्धत खेडोपाडी रुजवली आहे.

पण खरं सांगू, मला बोआल वाचताना सारखे आठवत होते ते गाडगेबाबा. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. त्या कीर्तनात बाबा एकटे बोलतच नसत. प्रश्न विचारत, लोकांकडून उत्तर वदवून घेत, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढत. कर्ज काढून सण करायचा का, पोराला शाळेत घालायचं का, दारू कुणाचं घर खाते, हे सगळं समोरच्याच्या तोंडून. त्यांचं शिक्षण कुठल्या नाट्यशाळेत झालं नव्हतं, पण शेकडो माणसांना आपल्याच संसाराकडे बाहेरून बघायला लावायचं कसब त्यांच्या हाती होतं. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, राष्ट्र सेवा दलाची कलापथकं, ही सगळी परंपरा आपल्या पाठीशी आहे. एवढा ऐवज घरात असताना पोषणाच्या नावानं नुसत्या घोषणा म्हणून गावातून निघून यायचं, हे मला पटत नाही.

तर 'असंच असते' म्हटल्यावर पुढं काय होतं?

सूत्रधार म्हणतो, "असंच असते ना? मग चला, पुन्हा एकदा बघू. जिथं वाटेल तिथं हात वर करा, खेळ थांबेल. अन् मग सुनेच्या जागी तुम्ही." दुसऱ्यांदा तोच प्रसंग, तीच वाक्यं. या वेळी बायका पुढं सरकून बसलेल्या असतात. कुणीतरी पोरगी हात वर करते, मग लाजते, मग मागच्या तिला ढकलतात, पदराचं टोक दातांत धरून ती उभी राहते. सेविकेच्या हातातली पळी तिच्या हातात येते.

आमचा नियम एकच. नटांनी सहज हार मानायची नाही. सासूचं काम करणारी सेविका स्वतः वीस-बावीस वर्षं सून राहिलेली आहे, तिला सगळे डाव ठाऊक आहेत. एक सून म्हणाली, "मले भूक लागली, मी आधी जेवतो." सासू ओरडली नाही. ती नुसती म्हणाली, "जेव बाई. तुह्या बापाच्या घरी असंच शिकवलं असेल." सगळं अंगण हसलं आणि ती मुलगी पळी ठेवून खाली बसली. हसणाऱ्या बायकांनाही कळलं होतं की हे वाक्य त्यांनी स्वतः ऐकलेलं आहे. दुसरी आली, ती हुशार. तिनं कुणाशी वाद घातलाच नाही. वाढायच्या आधीच आपल्या वाट्याचं घट्ट वरण आणि भाजी झाकून बाजूला काढली. सासूनं झाकण उचललं: "हे कोणाचं?" ती म्हणाली, "पोटातल्याचं." पोटातल्याचं म्हटल्यावर सासूला उत्तर सुचेना, आणि माझ्या शेजारी उभे असलेले ढोलकीवाले काका हळूच म्हणाले, "आता हिला कसं नाही म्हणेल?"

याच ठिकाणी चर्चा सुरू होते आणि ती आम्हाला आवरत नाही. पोटातल्याच्या नावानं मागितलं तर मिळतं, स्वतःच्या नावानं का मिळत नाही? बाळंत झाल्यावर मग कोणाच्या नावानं मागायचं? आणि जिच्या पोटात कुणीच नाही, तिनं? हे प्रश्न आम्ही लिहून नेलेले नाहीत. ते अंगणात बसलेल्या बायकांचे आहेत. एकीनं तर गरोदरपणात कमी खायचं समर्थनही केलं, कारण बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडतं असं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. तिला गप्प करणं सोपं होतं. सेविकेनं तिला आईच्या भूमिकेत बसवलं आणि विचारलं, तू हे का म्हणतेस, तुला कशाची भीती वाटते? तेव्हा त्या बाईनं आपल्या आईचं एक मूल बाळंतपणात गेल्याचं सांगितलं. ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो, त्याच्या बुडाशी पुष्कळदा असं एखादं मरण असतं. ते ऐकून घेतल्याशिवाय पुढचा शब्द बोलू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. सेविका मग तिच्याशी बोलली, वजन कमी असलेलं बाळ जन्मल्यावर किती हालअपेष्टांतून जातं ते सांगितलं, दवाखान्यातल्या बाळंतपणाबद्दल सांगितलं. पण नंतर.

एका गावची गोष्ट मला विस्तारानं सांगायची आहे.

समाजमंदिरासमोरचं अंगण होतं. सत्तरीच्या आसपासची एक आजी, लुगडं नेसलेली, हातात काठी, सगळा खेळ होईपर्यंत पायरीवर बसून होती. दुसऱ्या फेरीत तिनं काठीच वर केली. आम्हाला वाटलं ती सुनेच्या जागी बसणार. ती सरळ सासूपाशी गेली आणि सेविकेला म्हणाली, "ऊठ." सगळे हसले. सेविका उठली. आजी तिच्या जागी मांडी घालून बसली, काठी बाजूला ठेवली, सुनेनं ताट वाढलं तसं तिनं ते हातानं थांबवलं आणि आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली:

"तुम्ही मले कायले दोषी धरता? मीबी तळच खाल्ला. लगन होऊन आली तवापासून खाल्ला. आता कुठं माह्यापुढं ताट आलं, अन् तुम्ही म्हणता ते पोरीले दे."

अंगणात कुणी हललं नाही. सूत्रधारानं ढोलकीवर हात ठेवला होता तो तसाच राहिला. आजीनं मग स्वतःच पुढचा प्रसंग रचला. सुनेला म्हणाली, "दोन ताटं एकदम वाढ. मी तुह्यासंग बसतो." दोघी समोरासमोर बसल्या. आजीनं आपल्या ताटातलं काही तिला दिलं नाही, दोन्ही ताटं सारखी आहेत एवढं फक्त वाकून बघून घेतलं. एक घास घेतला आणि मग ती नवऱ्याचं काम करणाऱ्या आमच्या शिंप्याकडे वळली. "अन् आमाले पाणी कोण देईल? तू ऊठ." तो खरोखरच गडबडून उठला, लोटा शोधायला लागला, आणि बायकांनी जो गलका केला तो मी अजून विसरलेली नाही.

त्या आजीनं आमच्या नाटकाचं सूत्र हलवलं. सासू विरुद्ध सून ही मांडणी कितीतरी कथा-मालिकांनी आपल्या डोक्यात पक्की बसवली आहे, आणि पोषणाच्या नाटकातही ती सहज शिरते: सुनेला कळतं, सासू अडाणी, डॉक्टरीणबाई येऊन समजावतात. आजीनं दाखवून दिलं की पातेल्याचा तळ हा एका बाईनं दुसरीला दिलेला त्रास नाही, ती एक रांग आहे आणि त्या रांगेत दोघीही उभ्या आहेत. आता आमच्या खेळात सासूचंही बोलणं असतं. आणि गावोगावच्या बायका सुचवतात त्या उपायांत 'दोघींनी एकत्र बसावं' हा उपाय सगळ्यांत जास्त वेळा येतो, बहुधा तो एकीनं दुसरीला हरवल्याशिवाय होतो म्हणून.

आमचा दुसरा एक छोटा खेळ आहे, उष्टावणाचा. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, आणि मग वरचं खाणं सुरू. इथं सगळ्यांत जास्त घोळ होतो तो वरणाच्या पाण्याचा. घरात डाळ शिजते, वरचं पिवळं पाणी वाटीत काढतात आणि बाळाला पाजतात. मनात भावना अशी की डाळीचं सगळं सत्त्व त्या पाण्यात उतरलं. बाळाचं पोट एवढंसं. सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावतं. ती वाटी पाण्यानं भरली की बाळ गप्प होतं, झोपतंही, आणि आईला वाटतं पोट भरलं.

हे सांगायला आम्ही दोन वाट्या आणि एक पळी वापरतो. एका वाटीत वरणाचं पाणी, दुसरीत डाळ-भात एकत्र कुस्करून, चमचाभर तेल घालून मऊ कालवलेला. सेविका पळी भरते आणि आडवी धरते. पाणी सरळ खाली ओघळतं. मग दुसरी पळी: कालवलेला भात पळीला धरून राहतो, हलवली की सावकाश खाली येतो. "आजीबाई, कोणतं पोटात टिकेल?" एवढाच प्रश्न. उत्तर द्यायला लागत नाही. पण तरी एक आजी म्हणतेच, घट्ट दिलं की घशात अडकते. मग तिलाच वाटी द्यायची, तिच्याच बोटांनी कालवायला सांगायचं. त्या बोटांना जे येतं ते कुठल्या तक्त्यावर लिहिता येत नाही. ती दाबून दाबून असं मऊ करते की शिताचा कण राहत नाही, आणि करता करता स्वतःच सांगायला लागते की थोडं तरोट्याचं पानही शिजवून यात मिसळता येईल, बटाटाही येईल. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळणारी बाळं 11 टक्केच आहेत, असं 2019-21ची तीच कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. हा आकडा त्या अंगणात मी कधी उच्चारत नाही. तिथं आजीची बोटं पुरेशी असतात.

जेवणावर लगेच चहा घेतला की भाजीतलं लोह अंगी कमी लागतं आणि लिंबू पिळलं की जास्त लागतं, हेही आम्ही प्रसंगातच घालतो. त्यावर फार वेळ घालवत नाही. लिंबू बहुतेकींना लगेच पटतं, चहा सोडवत नाही.

या सगळ्यात एक मोठा प्रश्न आहे आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. ज्या घरात डाळ आठवड्यातून दोनदाच शिजते, तिथं ताटाच्या वाटणीचं नाटक घेऊन जाणं कितपत योग्य? एका बाईनं खेळ थांबवून विचारलं होतं, "अंडं खा म्हणता, अंडं आणू कुठून?" ही अडचण नाटकानं सुटत नाही, आणि सुटते असं भासवणारं नाटक करणं म्हणजे गरिबीचा दोष आईच्या माथी मारणं. म्हणून अशा वेळी आम्ही प्रसंगच बदलतो. घर संपतं, अंगणवाडी सुरू होते. ती बाई सेविकेच्या जागी बसते, सेविका आई होते, आणि प्रश्न असतो: आपल्या वाट्याचं काय येतं, किती येतं, नाही आलं तर कुणाला विचारायचं?

आदिवासी भागात 2015 साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस जेवण मिळतं, आणि ते अंगणवाडीत बसून जेवायचं असतं. या 'बसून जेवायचं' याला फार अर्थ आहे. अंगणवाडीतून मिळणारा पाकिटातला आहार घरी नेला की तो घरचा होतो. त्याची वाटणी त्याच रांगेनं होते आणि ज्या बाईच्या नावानं तो आला तिच्या वाट्याला परत तळच येतो. योजना आखणाऱ्यांना हे उमगलं होतं. पण आमचा सगळा पट्टा काही आदिवासी क्षेत्रात येत नाही. पलीकडच्या गावात बाई जेवते आणि अलीकडच्या गावात तीच परिस्थिती असून पाकीट घरी नेते, हा भेद खेळात बायकांनीच काढला. त्याचं उत्तर द्यायला त्या दिवशी तिथं कुणी नव्हतं. मला वाटतं असं उत्तर देणारी माणसं पुढच्या रांगेत बसवून हे खेळ व्हायला हवेत. सरपंच, पर्यवेक्षिका, ग्रामसेवक, सगळे. बोआल पुढं रिओ शहरात नगरसेवक झाले आणि लोकांच्या नाटकांतून आलेल्या सूचनांवरून त्यांनी कायदे करून घेतले. आपल्याकडे ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी असा एक खेळ व्हायला काय हरकत आहे?

नाटकानं काय होतं आणि काय होत नाही, याबद्दल मी अवाजवी दावा करणार नाही. झारखंड-ओडिशात 'एकजुट' या संस्थेनं बायकांचे गट बांधून गोष्टी, चित्रं, खेळ यांतून 'असं का झालं, मग तसं का झालं' हे त्यांनाच शोधायला लावलं, आणि तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 32 टक्क्यांनी कमी राहिले. 2010 साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ओडिशातल्याच केंदुझर जिल्ह्यात बायकांच्या गटांना गावातच तयार केलेले शेती-पोषणाचे व्हिडिओ दाखवून चर्चा घडवल्या, तेव्हा मुलांच्या खाण्यातलं वैविध्य वाढलं, मात्र त्यांच्या रोडपणात फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. माणसं बोलती झाली की ताटात बदल होतो. शरीर भरायला त्याहून अधिक काही लागतं: पाणी स्वच्छ हवं, जुलाब थांबायला हवेत, घरात पैसा हवा, आईला विश्रांती हवी. नाटक करणाऱ्यानं हे विसरू नये. आणि तरीही करत राहावं, कारण बोलतं होणं हीही भूकच आहे, आणि ती भागवायला दुसरं कुणी येत नाही.

सध्या आमच्यासमोर अडून बसलेला प्रश्न पुरुषांचा आहे. आमचे खेळ अंगणवाडीत, समाजमंदिरात, दुपारी तीन-चारला होतात आणि समोर बसतात त्या बायका. पुरुष असतात ते कडेला, मोटरसायकलवर पाय टेकून, हसायला. बाजारातून काय आणायचं ते त्यांच्या खिशावर ठरतं. शनिवारच्या बाजारातून पोरांसाठी 5 रुपयांचे चटकदार पुडे आणणारे तेच आणि लाडानं आणणारे तेच. त्याच पैशात पोराच्या ओंजळीत शेंगदाणे पडले असते हे त्यांना अंगणवाडीच्या आवारात कोण सांगणार? एका सुनेनं खेळात सगळं बरोबर केलं, सासूलाही पटवलं, आणि जाताना मला म्हणाली, "मॅडम, हे यांच्यासमोर एकदा करा ना."

म्हणून या हिवाळ्यात आम्ही शंकरपटाच्या दिवशी खेळ करायचं ठरवलं आहे. बैलजोड्या सुटायच्या आधी दुपारी बराच रिकामा वेळ असतो, आजूबाजूच्या गावांतले पुरुष मैदानात असतात आणि रात्रीच्या नाटकाचा मंडपही उभा असतो. मंडळाच्या मालकांशी बोलणं झालं आहे, मंडप वापरायला ते तयार आहेत. खेळात एक बदल करतो आहोत. सासऱ्याचं काम आमच्यातलं कुणी करणार नाही. ती जागा रिकामी राहील, समोर पाट आणि ताट मांडलेलं असेल, आणि गर्दीतल्याच कुणीतरी पुरुषानं येऊन तिथं बसायचं. सून वाढायला आली की पुढं काय करायचं ते त्यानं ठरवायचं.